रोजचं म्हणणं टिकतं कसं? ताराबाई, बहिणाबाई आणि आपल्या खिशातला मोबाइल

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. कुणाचा डेटा संपलाय, कुणाला एसटीच्या खडखडाटात नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास.

आधी एक आठवण करून देतो. शाळेत वर्गाच्या फळ्यावर, वरच्या कोपऱ्यात, रोज एक ओळ लिहिलेली असायची. 'आजचा सुविचार'. ज्याचा नंबर असेल तो पोरगा घाईघाईत वहीतून उतरवायचा, परिपाठाला वाचून दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी डस्टरने पुसून टाकायचा. आता सांगा, त्यातले किती सुविचार आठवतात? आणि ते कुणी लिहिले होते?

आज तोच फळा मोबाइलमध्ये आलाय. सकाळी उठलं की उगवता सूर्य, चहाचा कप, आणि खाली 'जीवनात यशस्वी व्हायचं असेल तर...' नाव कुणाचंच नाही. चाळीस ग्रुपमधून फिरून आलेलं. दुपारपर्यंत आपण ते विसरतो, आणि रात्री स्टोरेज फुल झालं म्हणून डिलीट मारतो.

मग प्रश्न असा पडतो, की माणसाचं रोजचं म्हणणं टिकतं कधी? एखाद्याला मनातून काहीतरी वाटलं, त्याने ते चारचौघांत मांडलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनीसुद्धा ते लोकांना लागू पडतं, असं कधी होतं?

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. आपलं धामणगाव बढे बघा. धामणगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे आठवतं, पण आपण बोलतोय बुलढाणा जिल्ह्यातल्या, मोताळा तालुक्यातल्या धामणगावबद्दल. आपल्या एका अंगाला जिल्ह्याचं गाव बुलढाणा. दुसऱ्या अंगाला जळगाव जिल्ह्याची हद्द. या दोन बाजूंना दोन बायका होऊन गेल्या. एकीने लिहिलं, आणि लोकांनी ते जवळपास विसरून टाकलं. दुसरीला लिहिताच येत नव्हतं, आणि तिचं म्हणणं आज महाराष्ट्राच्या तोंडी आहे. या दोघींची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली की आपल्या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

बुलढाण्याची ताराबाई

साल १८५३. हैदराबादच्या निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. त्याच सुमारास, म्हणजे १८५० च्या आसपास, बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला. वडील बापूजी हरी शिंदे. ते डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते. म्हणजे घरात कागद होता, दौत होती, वर्तमानपत्र होतं. बापूजी स्वतः सुधारणेच्या विचाराचे होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता.

तेव्हा मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. पण बापूजींनी मुलीला घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलीच, वर संस्कृत आणि इंग्रजीसुद्धा. जरा कल्पना करा. दीडशे वर्षांपूर्वीचं बुलढाणं, मराठा घर, पडद्याची पद्धत, आणि त्या घरात एक मुलगी वर्तमानपत्र वाचत बसलीये!

लग्न मात्र रिवाजाप्रमाणे लहान वयातच झालं. नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, की या बाईच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार? घर, अंगण, वर्तमानपत्र.

आणि त्या वर्तमानपत्रातूनच ठिणगी पडली.

सुरतेचा खटला

१८८१ साली सुरतमध्ये एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. त्या काळी वरच्या जातीतल्या विधवेला पुन्हा लग्न करण्याची सोय नव्हती. कायदा १८५६ मध्येच झाला होता, विधवाविवाह कायदेशीर होता, पण कायदा कागदावर आणि समाज दारात उभा! तिला दिवस गेले, मूल झालं, आणि अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं, असा तिच्यावर आरोप होता. कोर्टाने फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी टळली.

पण तोवर वर्तमानपत्रांत एकच गिल्ला झाला होता. 'बायका बिघडल्या, शिकून शेफारल्या, यांना धाकात ठेवलं पाहिजे', असा सूर. पुण्याच्या 'पुणे वैभव' या वर्तमानपत्राने तर हा सूर फारच लावून धरला. आजच्या भाषेत सांगायचं तर कमेंट सेक्शन पेटला होता. आणि त्या सगळ्या कमेंट पुरुषांच्या होत्या. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती गप्प. आणि ते मूल जिचं, त्याचा बापही कुणीतरी असणारच ना? त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

बुलढाण्यात बसून ताराबाईंनी हे वाचलं. आणि त्यांनी लेखणी उचलली.

नऊ आण्यांचं पुस्तक

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक छोटं पुस्तक छापलं गेलं. नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. प्रती ५००. किंमत नऊ आणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे अर्ध्या रुपयापेक्षा एक आणा जास्त. लेखिका, ताराबाई शिंदे, बुलढाणा.

आपल्या विषयाशी या पुस्तकाचा संबंध काय? ते सांगतो. या पुस्तकाची प्रस्तावना म्हणजे 'मी हे का लिहिते आहे' याचा सरळ जबाब आहे. ताराबाई सांगतात, की हा माझा पहिलाच प्रयत्न आहे, मी घराच्या चार भिंतींत अडकलेली एक साधी बाई आहे, पण रोज जे ऐकते, रोज जे बघते, त्याने मन पेटून उठतं, आणि आता गप्प बसवत नाही. शब्द माझे आहेत, पण मुद्दा त्यांचा. ही होती त्यांची प्रेरणा! आपण ज्याला मोटिव्हेशन म्हणतो ना, ते असं. त्यात 'पाच सवयी' नाहीत की 'पहाटे चार वाजता उठा' नाही. एका बाईला एका दिवशी एक बातमी सहन झाली नाही, एवढंच.

आणि आत काय आहे? आत ताराबाई थेट पुरुषांनाच प्रश्न विचारतात. बायको मेली की नवरा लगेच दुसरी करायला मोकळा. मग नवरा मेला तर बाईनेच जन्मभर का कोंडून घ्यायचं? नवऱ्याचा जीव परत आणायला सावित्री यमाच्या मागे गेली, हे सगळे सांगतात. पण बायकोचा जीव मागायला यमाकडे गेलेला एखादा नवरा कुणी ऐकलाय का? जे दोष बायकांचे म्हणून मोजता, ते सगळे तुमच्यात नाहीत काय?

त्या काळच्या नाटकं-कादंबऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. बायका म्हणजे कपटी, चंचल, असं रंगवणाऱ्या लेखकांना त्या विचारतात, की हे तुम्ही कुठल्या घरात बघितलं? देवादिकांच्या गोष्टीही त्यांनी सोडल्या नाहीत.

भाषा कशी? पंडिती अजिबात नाही. ओट्यावर, विहिरीवर बायका तावातावाने बोलतात ना, तशी. टोमणे आहेत, म्हणी आहेत, मध्येच हसू येतं आणि मध्येच अंगावर काटा. संस्कृत शिकलेल्या बाईने मुद्दाम बोलीचा झणझणीतपणा ठेवलाय.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्या. ताराबाई विजयालक्ष्मीला कधी भेटल्याचा कुठेही उल्लेख नाही. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. तरीही सुरतेच्या त्या पोरीचं दुःख त्यांना आपल्या घरातलं वाटलं. कारण त्यांनी ते स्वतःच्या रोजच्या जगण्याला लावून पाहिलं.

मग काय झालं?

टीका झाली. सनातनी लोकांनी केली, ते ठीकच आहे, ते करणारच. पण सुधारणेच्या चळवळीतल्या, स्वतःला सत्यशोधक म्हणवणाऱ्या काहींनीही नाकं मुरडली. त्यांना हे फार तिखट वाटलं.

तेव्हा ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. १८८५ साली फुल्यांनी 'सत्सार' नावाची छोटी पुस्तिका काढली. तिच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. ताराबाईंचा उल्लेख त्यांनी अगदी लेकीसारखा, 'चिरंजीविनी' असा केला. सारखं 'आपला माणूस, आपला माणूस' म्हणून चुका पोटात घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. फुल्यांना सहकारी प्रिय होते, पण एका खऱ्या आवाजाची गळचेपी त्यांना चालली नाही.

तरीही पुढे शांतता. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. ५०० प्रती कुठे गेल्या, कुणी वाचल्या, कुणाच्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या, कोण सांगणार? साधारण १९१० च्या सुमारास ताराबाई गेल्या. मराठी साहित्याच्या चर्चेत त्यांचं नाव जवळजवळ उरलंच नाही.

आणि मग १९७५. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जगभर साजरं झालेलं वर्ष. अभ्यासक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा प्रसिद्ध केलं. हिशेब करा. १८८२ ते १९७५, तब्बल ९३ वर्षं! म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा वाचलं त्यांच्या नातवंडांची केसं पांढरी झाली, तेव्हा हे पुस्तक परत लोकांपुढे आलं. १९९४ साली रोझलिंड ओ'हॅनलन या इतिहासकार बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि बुलढाण्याचं नाव जगातल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेलं. आज भारतातल्या स्त्रीवादी लेखनाचा इतिहास सांगताना सुरुवातीच्या पानांवर ताराबाईंचं नाव येतं.

आता विचार करा, की हे शक्य कशामुळे झालं? पुस्तक तेव्हा गाजलं म्हणून नाही. तेव्हा तर ते पडलंच होतं. हे शक्य झालं, कारण ते छापलेलं होतं. कागदावर नाव होतं, गाव होतं, साल होतं. ९३ वर्षांनी कुणाच्या तरी हाताला ते लागलं.

हद्दीपलीकडची बहिणाबाई

आता दुसऱ्या अंगाला वळू. ताराबाईंचं पुस्तक छापलं जाण्याच्या दोन वर्षं आधी, १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे गावात महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. बहिणाबाई. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं, काशी, ओंकार आणि सोपान. शेती, भाऊबंदकी, प्लेगची साथ, सगळं त्यांनी बघितलं.

शाळा? शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षर ओळख नाही. ताराबाईंच्या घरात दौत होती, इथे ती नव्हती. इथे जातं होतं, चूल होती, तवा होता, पेरणी होती, मोट होती, कापणी होती. आणि हे करता करता बहिणाबाई गात होत्या. गाणी पाठ केलेली नव्हती, त्यांची स्वतःची होती. दळता दळता जे सुचलं ते. भाकरी थापताना हाताला चटका बसला तर त्यातून संसाराचा अर्थ निघाला. वाऱ्यावर झोके घेणारा सुगरणीचा खोपा बघितला तर त्यातून माणसाच्या हाताची गोष्ट निघाली. मन काय चीज आहे, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. बहिणाबाईंनी त्या मनाला शेतात घुसलेल्या गुरासारखं पकडून दाखवलं.

याला रोजचं चिंतन म्हणायचं नाही तर कशाला? फक्त ते करायला त्यांनी वेगळा वेळ काढला नव्हता. काम चालू आणि विचारही चालू.

आणि भाषा! ही आपल्यासाठी फार जवळची गोष्ट आहे. बहिणाबाईंची भाषा पुस्तकी मराठी नाही, ती लेवा गणबोली. जळगावच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत बोलली जाते, आणि आपल्या मलकापूर, मोताळा, नांदुरा या भागातही ती कानावर पडते. म्हणजे धामणगावच्या बाजारात भाजी घेताना आपण जे शब्द ऐकतो, त्यांचेच चुलतभाऊ बहिणाबाईंच्या गाण्यात आहेत. आज आपली पोरं रील करायला कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की एकदम पुणेरी बोलायला लागतात. घरचा शब्द तोंडातून निसटला तर व्हिडिओ परत काढतात. आणि इकडे एक निरक्षर बाई घरच्या बोलीत गायली, तर तिच्या नावाने विद्यापीठ उभं आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं.

वहीत उतरवणारा हात

पण इथे थांबा. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं कसं?

त्यांचा मुलगा, सोपानदेव चौधरी. ते स्वतः कवी होते. आई गाते आहे, आणि जे गाते आहे ते साधंसुधं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आणि पितांबर चौधरी या नातेवाइकांनी आईची गाणी जशी कानावर पडतील तशी लिहून ठेवली. एक साधी वही.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. दाखवतानाही मनात धाकधूक, की एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या अडाणी आईची गाणी काय दाखवायची? अत्र्यांनी वाचलं आणि ते थक्क झाले. हे लपवून ठेवणं म्हणजे गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. पुढचं आपल्याला माहीतच आहे. शाळेच्या पुस्तकात आली, रेडिओवर आली, सिनेमात आली.

आता जरा उलटं बघा. ती वही नसती तर? १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाईंबरोबर ते सगळं गेलं असतं. आणि त्या वहीत जेवढं उतरलं तेवढंच आपल्याला मिळालं. ज्या दिवशी सोपानदेव घरी नव्हते, त्या दिवशी जात्यावर सुचलेलं पिठाबरोबर दुरडीत गेलं.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. तिकडे बंगालमध्ये राससुंदरी देवी नावाची बाई होती. मोठं घर, डझनभर मुलं, दिवसभर स्वयंपाक. बाईने वाचलं तर अनर्थ होतो, अशी समजूत. तिने पोथीचं एक पान चोरून स्वयंपाकघरात लपवून ठेवलं, आणि मुलाच्या अक्षरं गिरवण्याच्या पानाशी ताडून ताडून वाचायला शिकली. तिचं 'आमार जीबन' १८७६ साली आलं. बंगाली भाषेतल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आणि आपल्या मराठीत लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या, आणि म्हातारपणी आयुष्याच्या आठवणी सांगायला बसल्या. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने पुस्तकरूपात आली. सोवळं-ओवळं, भांडणं, फजिती, सगळं त्यात आहे. उपदेश मात्र शोधूनही सापडत नाही.

दोघींत सारखं काय?

ताराबाई शिकलेल्या, बहिणाबाई निरक्षर. ताराबाई संतापलेल्या, बहिणाबाई शांत. एकीने छापखाना गाठला, दुसरीला आपण कवयित्री आहोत याचाही पत्ता नव्हता. मग सारखं काय?

मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, दोघींचं म्हणणं स्वतःच्या जगण्यातून आलं. ताराबाई म्हणाल्या, की मी हे बघते आहे. बहिणाबाई म्हणाल्या, की मी हे करते आहे. 'माणसाने असं वागावं, तसं वागावं' हे फळ्यावरच्या सुविचारासारखं हवेतून आलं नाही. म्हणून त्यात पत्ता आहे. कुठल्या गावचं, कुठल्या चुलीचं, कुठल्या खटल्याचं, हे कळतं. ज्या बोलण्याला पत्ता असतो, ते दुसऱ्याच्या पत्त्यावर बरोबर पोचतं. उलट जे सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा कुणाचंच नसतं.

दुसरी गोष्ट, ते नोंदलं गेलं. एकीने स्वतः नोंदलं, दुसरीचं मुलाने नोंदलं. त्या दिवशी किती लोकांनी 'वा वा' केलं याने काही फरक पडला नाही. ताराबाईंना तर शिव्या मिळाल्या, आणि बहिणाबाईंचे श्रोते म्हणजे घरची मुलं आणि शेजारणी. पण कागद उरला.

म्हणजे टिकायला दोन्ही लागतं. स्वतःचं म्हणणं, आणि ते उतरवणारा हात. पहिलं असून दुसरं नसेल तर काय होतं? त्याचं उत्तर आपल्या आजूबाजूच्या घराघरात आहे.

जात्यावर बसलेल्या लाखो जणी

बहिणाबाई एकट्या नव्हत्या. जात्यावर ओवी न गायलेली बाई जुन्या काळी गावात सापडली नसती. पहाटे उठायचं, दोघींनी मिळून खुंटा धरायचा, आणि दळता दळता गायचं. भावाबद्दल, माहेराबद्दल, सासूबद्दल, रामाच्या वनवासाबद्दल, आणि पुढे डॉ. आंबेडकरांबद्दलही. ज्या घरात सासऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, तिथे जात्याच्या घरघरीआड मन मोकळं करता यायचं. तो त्यांचा पॉडकास्टच होता म्हणा ना! फक्त श्रोती समोर बसलेली.

मग गावात पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळ नको. पण दळणाबरोबर ओवीही गेली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी गावोगावी फिरून या ओव्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर त्या यायला लागल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तिचा आवाजही. आजही मोबाइलवर फुकट ऐकता येतात. एकदा ऐकाच.

पण एक लाख ही संख्या मोठी वाटली तरी गावांच्या मानाने ती थोडीच. प्रत्येक गावात कुणी हेमाताई पोचल्या नाहीत. किती गावांतल्या किती आजी काही न सांगता गेल्या, याची मोजदाद कोण करणार?

आता आपल्या हातात

सोपानदेवांकडे फक्त एक वही होती. आपल्याकडे खिशात छापखाना आहे, रेकॉर्डर आहे, कॅमेरा आहे. तरी आपल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात, आणि आजीच्या आवाजाची एकही फाइल नसते. आणि सकाळी आपण पाठवतो काय, तर कुणाचा तरी निनावी सुविचार.

म्हणून या भागाचा शेवट एका कामाने करू. अवघड नाहीये.

घरात किंवा शेजारी सत्तरीच्या पुढची कुणी आजी, कुणी बाबा असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. टीव्ही बंद करा, पंखा जमलं तर बंद करा, कारण रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच घरघर येते. 'आजी, काहीतरी सांग' असं म्हणू नका, ती म्हणेल 'मले काय येते बाप्पा!' नेमकं विचारा. 'लग्नाच्या दिवशी जेवायला काय होतं?' 'पहिल्यांदा मलकापूरला रेल्वे बघितली तेव्हा काय वाटलं?' 'दुष्काळात काय खाल्लं?' 'जात्यावर काय म्हणायच्या?' मग बघा कसं सुरू होतं ते. मध्ये थांबवू नका, भाषा सुधारू नका. ती जशी बोलते तशीच राहू द्या.

सुरुवातीला तुमच्याच आवाजात तीन गोष्टी बोला. कुणाचं बोलणं, कुठलं गाव, आजची तारीख. ताराबाईंच्या पुस्तकावर या तीन गोष्टी होत्या, म्हणून ९३ वर्षांनी ते पुस्तक बोललं. फाइल एकाच फोनमध्ये ठेवू नका, कारण फोन विहिरीत पडतो, चोरीला जातो. दोन ठिकाणी ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांना ऐकवायचं असेल तर आधी आजीला विचारा. काही गोष्टी तिने फक्त तुम्हाला सांगितलेल्या असतात. त्या घरातच राहू द्या. जपून ठेवायला स्टेटस लागत नाही.

आणि स्वतःचंही लिहा. रोज नको, आठवड्यातून चार ओळी पुरे. कापसाला भाव काय मिळाला, भरतीची परीक्षा कशी गेली, बापाशी कशावरून वाजलं, कुणाचं बोलणं मनाला लागलं. उपदेश नको, घडलेलं लिहा. 'याला कोण विचारतंय?' असं मनात येईल. बुलढाण्यातल्या त्या बाईलाही कुणी विचारलं नव्हतं. तिने नऊ आण्यांच्या पुस्तकात आपलं म्हणणं मांडलं, आणि आपण आज धामणगावात बसून त्यावर बोलतोय.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. हा भाग आवडला तर आधी आजीला ऐकवा, मग ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि जे ऐकाल ते टिपून ठेवत राहा. जय महाराष्ट्र!